बिनऔषधाच्या बांध्या

प्रयोगशाळेतून आकडे आले आणि माझं डोकंच फिरलं. सावली गावाजवळच्या आमच्या शेतातल्या बारा बांध्यांवर, म्हणजे भाताच्या खाचरांवर, माझी पीएचडी उभी होती. सहा बांध्यांतल्या धानावर मी जॅस्मोनिक आम्ल फवारलं होतं. अळीनं पान कुरतडलं की धान स्वतःच हे संप्रेरक बनवतं. त्याचा निरोप पेशीपेशीत पोचतो आणि अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. उरलेल्या सहांवर नुसतं पाणी. तरी त्यांतल्या पाच बांध्यांत प्रथिनं जवळजवळ तेवढीच!

"फरक दिसत नसेल तर विषय बदल, रश्मी," मार्गदर्शक फोनवर म्हणाले. शिष्यवृत्तीचा एकच हंगाम उरला होता. पण मी माघार घेणाऱ्यांतली नाही. माझ्या धानाला कुणीतरी हात लावला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बांध्यांची राखण मुखरूभाऊंकडे. मी तडक शेतात गेले.

"भाऊ, पाण्याच्या बांध्यांत कोन गेलतं?"

"मीच ना बाई. एका गड्याले घेऊन दोरी फिरवलो."

पानाची सुरळी करून राहणारी अळी आली की आमच्याकडे दोघं दोन धुऱ्यांवरून, म्हणजे समोरासमोरच्या बांधांवरून, धानावर दोरी ओढतात. सुरळ्या खाली पाण्यात पडतात.

"काऊन पन?" मी ओरडलेच.

"तुमी अर्ध्या धानाले औषिद मारलं, अर्ध्याले नाई. मले त्याची कीव आली."

मग एकदम आठवलं. "पाचच बांध्या काऊन? सहावी कशी सोडली?"

"तिथी धुऱ्यावर नाग बसला होता."

सहावीचा आकडा सगळ्यांत कमी होता आणि मी तो चुकीचा समजून बाजूला टाकला होता! म्हणजे दोरीच्या घासण्यालाच अळीचं कुरतडणं समजून धान जागं झालं असणार. एका बांधीवरून काही सिद्ध होत नाही, पण पुढची वाट मला स्वच्छ दिसली. मी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. "सर, विषय बदलत नाही, वाढवतेय."

मग मुखरूभाऊंना सांगितलं, "येत्या हंगामात चार बांध्यांले फवारा, चारले दोरी. बाकी चारले काईच नाई. अळी आली तरी नाई."

भाऊंचा चेहरा उतरला.

"दोरी कवाबी फिरवतो, बाई," ते म्हणाले. "पन त्या चार बांध्यांची राखन दुसऱ्याले सांगा. माझ्यानं नाई पाहवनार."