दोरीच्या पट्टीचा टाका

आईने मशीनचं चाक तळहाताने थांबवलं, सुई कापडात तशीच रुतलेली ठेवली आणि मान वर केली. मुलगा दारात उभा होता. हातात रुंद पट्टा, पट्ट्याला लोखंडी कडी.

"एवढा शिवून दे. माझ्या कंबरेच्या मापाचा."

"पतंगाला कंबर कधीपासून आली?"

"पतंगाला नाही गं, मला. दोरी कंबरेला अडकवली की हात मोकळे राहतात."

"मैदानात खुंट ठोक आणि त्याला बांध. खुंटामागे बायको नसते रडायला."

तो हसला, बापासारखा, एकाच गालात. पट्टा मशीनवर टाकला आणि मागच्या अंगणात काठ्या तासायला निघून गेला.

बाहेर वारा सुटला होता. आठवडाभर त्याने कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. गल्लीतले पत्रे दात खाल्ल्यासारखे करकरत होते. मुलगा पत्रेच बसवायचा. या वाऱ्याच्या सुरुवातीलाच एका छपरावर सुटा पत्रा धरायला गेला, आणि वाऱ्याने पत्र्यासकट त्यालाही वीतभर उचललं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन पांघरूण घेऊन पडला असता. हा आला तो चेहरा उजळून. "आई, पाय सुटले गं जमिनीवरून," म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि मग हा पतंग. तंबूचं काळं कापड, खोलीत मावेना म्हणून अर्धं ओसरीत पसरलेलं. त्याने जमिनीवर खडूने आकृती काढली होती. आईला अक्षरं जेमतेम लावता यायची, पण माप बघून कापड कशासाठी आहे ते तिला कळायचं. झबलं कोणतं आणि कफन कोणतं, हे काही कुणी लिहून द्यावं लागत नाही. असल्या मापाचा पतंग कुणी खाली उभं राहून बघायला शिवत नाही.

जोराच्या वाऱ्यात कापड फाटू नये म्हणून मध्ये खिडक्या ठेवायच्या होत्या, वाऱ्याला आरपार वाट मिळावी म्हणून. तिने त्या मुद्दाम मोठ्या कापल्या. त्याने हाताने मोजल्या आणि ठिगळं लावून लहान करायला सांगितल्या.

"नाही शिवत मी," ती म्हणाली होती.

"बरं. मग शिंप्याकडे टाकतो."

शिंपी पक्कं शिवणार. पैसे घेतो तर पक्कंच शिवणार मेला. तिने कापड परत पुढ्यात ओढलं.

त्या घरात शिवणकामाची रीत ठरलेली होती. सासूने कापायचं, पांढऱ्या दोऱ्याने हाताचा कच्चा टाका घालून ठेवायचा. सुनेने त्यावरून मशीन मारायची आणि पांढरा दोरा ओढून काढायचा. बोलायची गरज पडत नसे. या वेळी मात्र आईने सुनेला मशीनजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"मी करू का थोडं? तुमची पाठ दुखते," सून म्हणाली.

"तुझी शिलाई सापासारखी जाते. तू भाकऱ्या बघ."

सून भाकऱ्यांकडे गेली. खरं काय ते आईला तिला सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तासाभरात नवऱ्याला कळलं असतं.

आईने सगळ्या कडा नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी मारल्या. काठ्यांचे खिसे असे शिवले की बैलाने ओढले तरी सुटू नयेत. फक्त दोरी अडकवायची पट्टी तिने मशीनखाली घातली नाही. डब्याच्या तळाशी जुन्या सुती दोऱ्याचं रीळ होतं, काळं, नुसत्या झटक्याने तुटणारं. त्या दोऱ्याने तिने हाताने टाके घातले, बारीक, मशीनचे वाटावेत असे. पहिला मोठा झोत येईल, पट्टी सुटेल, पतंग माळाजवळच्या खाणीपलीकडे जाऊन पडेल, आणि लेक कंबरेला दोरी लावून जमिनीवर उभा राहील. लोक म्हणतील, म्हातारीची शिवण उसवली. उभ्या गल्लीत आजवर असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. म्हणू देत. तिने दोरा दातांनी तोडला आणि बराच वेळ पाणी पीत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं दगडाच्या खाणीजवळच्या माळावर गेली. सुनेने आणि मुलाने पतंग उभा धरला, आणि वाऱ्याने तो हातातून हिसकावून घेतला. दोरी ताणली, घुमू लागली. मुलगा टाचा रोवून मागे रेलला. पतंग खाणीच्या बाजूला झुकला होता, तसाच तोही पावलापावलाने तिकडे सरकत होता. सून सासूजवळ येऊन उभी राहिली.

आई वर बघत होती. झोत आला. काळं कापड फुगलं, पट्टी ताणली गेली. झोत गेला. पट्टी जागच्या जागी.

दुसरा आला, पहिल्याहून मोठा.

"नका काळजी करू," सून तिच्या कानाशी म्हणाली. "तुटायची नाही आता."

"काय?"

"दोरीच्या पट्टीला तुमचा कच्चा टाका राहिला होता. सकाळी घडी घालताना हाताला लागला. पांढरा दोरा संपला म्हणून काळ्याने घातलात ना? मी नायलॉनने वरून मारली, आडवी-उभी. सापासारखी नाही हं, सरळ." तिने पदर सावरला. "यांना नाही बोलले. तुमच्या हातून राहिलं, असं कशाला सांगायचं कुणाला?"

आई मुलाकडे वळली.

"सोड!" ती ओरडली. "कडी सोड!"

वाऱ्याने ते भलतीकडेच नेलं. मुलाने वळून हात हलवला. चेहरा त्या दिवशीसारखाच उजळलेला. त्याच्या टाचा वर आल्या होत्या. चवडे तेवढे गवताला लागत होते.

ती धावली. गुडघे, चपला, पदर, सगळं मागे टाकत धावली आणि मुलाच्या कंबरेला मिठी घालून लोंबकळली. त्याचे पाय जमिनीला टेकले. तो हसत सुटला. "अगं, काय हे! तुलाही वर यायचंय का?"

"मला धर," ती मागे न बघता सुनेला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तिच्याकडे काही मागितलं.

सुनेला वाटलं, मायलेकांची गंमत चाललीय. लाजत हसत तिने सासूला मागून मिठी घातली, हलकीच.

"घट्ट धर गं," आई म्हणाली. "घट्ट."

माळाच्या टोकाकडून गवत आडवं होत येत होतं.