कोळ्याच्या लेकीचा काळा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे, न्यायाधीशांच्या अंगावरचा. डॅन्यूब नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक वाटांनी फुटते, तिथल्या एका लहान न्यायालयाच्या कपाटात मी टांगलेला असतो. भिंतीपलीकडे नदीच आहे. लव्हाळ्यांतून वारा आला की मला गुंगी येते. मग वाटते, मी पाण्यावर पसरलो आहे आणि माझ्या बाह्यांतून मासे ये-जा करत आहेत.

ओलिंपिया नावाच्या शिंपिणीने मला शिवले. माझ्या उमेदीची वर्षे गेली ती न्यायाधीश फेव्रोनियाबाईंच्या अंगावर. त्या कोळ्याच्या लेक. वडिलांबरोबर जाळी विणत, फाटलेली सांधत त्या मोठ्या झाल्या आणि मग शहरात कायदा शिकल्या.

एका वसंतात आर्तिओम नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचा खटला आला. त्याच्या होडीजवळ माणसाएवढा स्टर्जन मासा मरून पडलेला सापडला होता. तो मासा पकडायला सक्त बंदी. गस्तीच्या शिपायांनी त्याची होडी आणि जाळे जप्त केले. गुन्हा शाबित झाला असता तर होडी कायमची गेली असती, आणि त्या गावात होडीवाचून पाव आणायलाही जाता येत नाही.

सरकारी वकील उभे राहिले. "बाईसाहेब, राग मानू नका, पण आपले वडील कोळी होते. हा खटला आपण चालवू नये."

मागच्या बाकावरून एक बाई कुजबुजली, "चालवू दे की! आपलीच पोर आहे, सोडेल."

फेव्रोनियाबाईंनी दोन्ही ऐकले. त्यांनी वकिलांचा अर्ज वरच्या न्यायालयाकडे पाठवला. त्या दुपारी मला खुंटीला लावताना कारकून कसांद्रा वैतागून म्हणाली, "शेतकऱ्याच्या मुलानं शेताचा वाद ऐकायचा नाही, कोळ्याच्या मुलीनं माशाचा! मग न्यायाधीश काय चंद्रावरून आणायचा?"

"त्यांनी विचारलं ते बरं केलं गं," बाई म्हणाल्या. "मीही स्वतःला तेच विचारत होते."

अर्ज नामंजूर झाला. आर्तिओम त्यांच्या नात्यातला नव्हता, ओळखीचाही नव्हता.

सुनावणीला जाळे टेबलावर पसरले गेले. माझ्या बाहीच्या आत बाईंची बोटे आपोआप हलली, जणू धुक्यात कुठेतरी त्या ते जाळे विणतच होत्या. त्यांना क्षणात कळले, हे छोट्या हेरिंग माशांचे नाजूक जाळे आहे. एवढ्या मोठ्या माशाने त्याच्या चिंध्या केल्या असत्या. शब्द ओठांपर्यंत आला. पण साक्ष देणे हे न्यायाधीशाचे काम नव्हे, म्हणून त्यांनी तो गिळला.

"हे जाळं कुणी तपासलंय का?" त्यांनी शिपायाला विचारले.

"नाही बाईसाहेब. जाळं म्हणजे जाळं."

"मग जाणकाराकडून तपासून आणा."

जाणकार आला. त्याने ताणून, मोजून सांगितले, की हे जाळे अखंड आहे आणि यात तो मासा सापडणे शक्य नाही. वकिलांनीही त्याला हवे ते प्रश्न विचारले. आर्तिओम त्या आरोपातून सुटला, होडी परत मिळाली. लोकांचे चेहरे खुलले.

पण बाईंचे निकालाचे वाचन संपले नव्हते. आर्तिओमने जाळे पक्ष्यांसाठी राखीव असलेल्या खाडीत टाकले होते, हे त्याने स्वतःच कबूल केले होते. त्याबद्दल महिनाभर मासेमारी बंद. हेरिंग येण्याचा तोच महिना.

"अगं, तिथं सगळेच टाकतात!" आर्तिओम ओरडला. "तुझ्या बापानं टाकलं नसेल होय?"

"टाकलंय, काका," बाई हळू म्हणाल्या. "मी होडीत होते. आज ते इथं उभे असते, तर त्यांचा खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला असता, आणि त्यांनाही हेच ऐकावं लागलं असतं."

त्या ईस्टरला गावात त्यांच्याशी फार कुणी बोलले नाही.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. नवे न्यायाधीश व्हिर्जिल न्यायाधीशांच्याच घराण्यातले, सज्जन आणि अभ्यासू. कसांद्राला ते म्हणाले, "माझं बरं आहे. कोळी नाही, शेतकरी नाही. मला कुणाचीच बाजू नाही." पण इस्त्रीचा कोट घातलेला माणूस बोलू लागला की त्यांचे खांदे सैल पडतात, आणि चिखलाचे बूट आत आले की ताठ होतात. त्यांना ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण मी त्याच खांद्यांवर असतो.

मित्रांनो, माझी एक शिवण उसवली आहे, कॉलर विटली आहे. जमल्यास शिवा, उन्हात घाला. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी मला अंगावर चढवलेच, तर बाहेर जाण्याआधी कपाटाशी क्षणभर थांबा. आपण कुठून आलो ते स्वतःला एकदा स्पष्ट सांगा. मग जा. लोक वाट पाहत असतात.