कनेक्टरमधलं कुंकू

"गचके देतेय, गिअरबॉक्स खलास. तुझं बायकी ड्रायव्हिंग!" वरदाच्या डॉक्टर नवऱ्याने, श्रीरंगने, निदान केलं. उद्या तिची गाडी भंगारात जाणार होती आणि गाडीवाचून तिची इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावची नोकरीही.

वरदाने बॉनेट उघडलं. इंजिनाचा जोर गिअरांकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला हुकूम पोचवणारा तारांचा कनेक्टर तिने ओढून काढला. पिना हिरव्या पडलेल्या, वर कुंकवाचा लगदा. दसऱ्याला इंजिनावर कुंकू वाहून नारळाचं पाणी शिंपडायची हौस श्रीरंगचीच! गिअरबॉक्स बिचारा धडधाकट होता, त्याला निरोपच पोचत नव्हता.

तिने क्लीनर मारला, पिना वाळवल्या, कनेक्टर खटकन बसवला. एक चक्कर मारली, गचका नाही.

"मग मला स्टेशनला सोड ना," श्रीरंग मवाळला.

"बायकी ड्रायव्हिंग रे, तुला झेपायचं नाही," म्हणत तिने काच वर केली.