नीलव्वाच्या कौदीवरची ओल

मी एक जुनी कौदी आहे. तुमच्याकडे मला गोधडी म्हणतील. इलकल गावच्या नीलव्वानं आपल्याच विरलेल्या लुगड्यांचे तुकडे जोडून मला शिवलं. टाके घालताना ती मठातल्या कीर्तनात ऐकलेली पदं गुणगुणायची. शिवाचं नाव ऐकतऐकतच मी पुरी झाले, मित्रांनो.

नीलव्वा गेली. तिचा नवरा गुरुसिद्दप्पा मागावर लुगडी विणी. तो मला रोज तिच्याच जागेवर अंथरी आणि माझ्यावर मल्ली झोपे. मल्ली म्हणजे नीलव्वानं बोळ्यानं दूध पाजून वाढवलेली कुत्री.

गेल्या पितरांच्या अमावास्येला गुरुसिद्दप्पानं तिच्या नावानं नवं लुगडं मांडलं, होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली. पाण्याचा तांब्या ठेवायला मात्र विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मधोमध ओल!

"नीले, तहानलेली गेलीस का गं? रडतेस?" तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला. सुताच्या रंगांच्या वाफांनी त्याचं नाक कधीच मेलेलं होतं.

तेव्हापासून तो नेमानं तिच्या नावाचा तांब्या भरून ठेवू लागला. ओल काही थांबेना. मला खरं ठाऊक होतं. झोपलेल्या मल्लीखाली पसरणारी ऊब मीच तर सोसत होते. पण तो बोलू लागला की तिच्या लुगड्यांचे तुकडे माझ्यात असे शहारत, की कुणास ठाऊक, ती आलीच असेल, असं मलाही वाटे.

महिन्याभरानं मठात कीर्तन होतं. मला खांद्यावर टाकून तो गेला. बुवांनी नुकता सूर लावला होता. शेजारी बसलेली त्याची बहीण निंगव्वा नाकाला पदर लावून उठली.

"अण्णा, ही कौदी आहे का गोठा?"

"हळू बोल. तुझी वहिनी रडते हिच्यात."

"वहिनीच्या डोळ्यांना असला वास? अरे, कुत्री मुतते तुझी, कुत्री!"

सगळे हसले. गुरुसिद्दप्पा मात्र घामानं भिजला. महिनाभर तो कुणाशी बोलला होता?

घरी येताच त्यानं मल्लीला केरसुणीनं मारलं, तिला दाराशी बांधलं आणि तिची पाण्याची वाटी उचलली. "आता बघतो कुठून गाळतेस!"

दुसऱ्या दिवशी दुपारी निंगव्वा आली. मल्लीची जीभ बाहेर लोंबत होती आणि आत नीलव्वाच्या नावाचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"गेलेलीला पाणी आणि जितीला कोरड? तुझ्या हातचं पाणी घेईल का रे वहिनी?"

गुरुसिद्दप्पानं मल्लीची वाटी परत तिच्यापुढे ठेवली. मग नीलव्वाचा तांब्या आणून तीत ओतला. मल्ली पीत होती तोवर तो तिच्याशेजारी मातीतच बसून राहिला.

मग मल्लीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मला पुरावा म्हणून सोबत नेलं होतं. हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जागेपणी बाहेर जाऊन करते ना?"

"अगदी शहाण्यासारखी."

"मग ती मुतत नाही, आजोबा, झोपेत तिचं गळतं. तिला कळतसुद्धा नाही. हिच्यावर पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया झालेली दिसते. अशा काही कुत्र्यांचा, पुढे काही वर्षांनी, लघवी धरणारा स्नायू सैल पडतो. आधी लघवी तपासू. आतली सूज किंवा साखर नसेल, तर औषधानं बराच फरक पडेल. पण पाणी कधीही तोडायचं नाही. मारलंत तर ती फक्त घाबरेल."

"मी मारलं हो तिला," गुरुसिद्दप्पा म्हणाला.

तपासणीत दुसरं काही निघालं नाही. आता मल्लीला रोज गोळी मिळते. झोपण्याआधी तो तिला बाहेर फिरवून आणतो. कधी ओल झालीच तर तिचं अंग धुऊन कोरडं करतो आणि मला उन्हात घालतो.

मित्रांनो, तुमच्या घरचं मुकं जनावर जागा भिजवू लागलं तर त्याला शिक्षा करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याच्या दुखण्याला खोडी म्हणू नका, आणि आपल्या दुःखाची खूणही समजू नका.

हल्ली पुष्कळदा सकाळी मी कोरडी असते. गुरुसिद्दप्पा माझ्यावर हात फिरवतो, मधोमध थांबतो. माझ्यातली लुगडी आता शहारत नाहीत. मग मल्ली त्याच्या गुडघ्यावर पाय ठेवते आणि तो म्हणतो, "चल गं बाई, बाहेर जाऊन येऊ."