पहिल्या तारखेचा पासवर्ड

माझ्या वस्तूंना कोणी हात लावलेला मला खपत नाही. मी लिफ्ट तपासणारा माणूस. महिन्यातले पंधरा दिवस परगावी, त्यामुळे माझा अर्धा संसार एका पाठपिशवीत असतो. लॅपटॉप, शाईचं पेन, वही, बॅटरी, गुंडाळलेल्या वायरी, आणि प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. न बघता हात घातला तरी पेनच हाताला लागलं पाहिजे. बायको म्हणते, "पोरांचे वाढदिवस विसराल, पण कप्पे नाही." खोटं कशाला बोलू, एकदा वाढदिवस विसरलोही होतो.

म्हणून साडूच्या लॅपटॉपने मान टाकल्याची बातमी आली आणि बायको माझ्या पिशवीकडे बघायला लागली, तेव्हाच मी काय ते समजलो.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. स्वयंपाकघरांचे आराखडे काढतो. त्याची कंपनी बंद पडली आणि आठ महिने तो घरी बसून होता. दुसऱ्या दिवशी परगावी दहा वाजता मुलाखत होती, आणि तिथे आधीची कामं लॅपटॉपवर उघडून दाखवायची होती.

"पेनही द्या," बायको म्हणाली. "सही-बिही करावी लागली तर?"

"सहीला साधं पेन चालतं."

"द्या म्हटलं ना!"

दिलं. नऊ वर्षं घासून ती निब माझ्या हाताला बसली होती. दाबून लिहू नकोस, असं साडूला तीनदा बजावलं. त्याचे आराखडे लॅपटॉपवर चढवले, पासवर्ड पाठ करून घेतला. स्टेशन आमच्या घरापासून जवळ, म्हणून तो रात्री आमच्याकडेच झोपला.

सकाळी सहाला तो निघाला. तेवढ्यात मी पिशवीतून वही काढून घेतली. वहीत मी मनातलं लिहितो, आणि नातेवाईक त्यातून सुटलेले नाहीत.

साडेनऊला चहा घेऊन बसलो, वही उघडली आणि कप तसाच खाली ठेवला. शेवटच्या नोंदीत माझ्याच अक्षरात नवा पासवर्ड होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पासवर्ड बदलतो, उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी. आज पहिली तारीख. साडू आंघोळीला गेला असताना माझे हात आपोआप चालले होते. त्याच्याकडे होता तो जुना पासवर्ड.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बायकोला सांगावंच लागलं.

"एवढी शिस्त कशाला लागते माणसाला?" ती म्हणाली. एवढंच. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या कंपनीचा नंबर शोधून काढला. स्वागतकक्षातली बाई फार गोड बोलली. "ते आत गेलेत, सर. मुलाखत चालू असताना आम्ही निरोप देत नाही." मी गयावया केली, पासवर्ड लिहून घ्या म्हणालो. तिने लिहून घेतला, पण दार काही उघडलं नाही.

मग नुसतं बसायचं. वही तशीच उघडी होती. मागच्या महिन्याच्या पानावर मी लिहिलं होतं : 'साडू आठ महिने घरी. मनापासून शोधतच नसावा.' ते वाचून माझी मलाच शरम वाटली. माणूस पहाटे उठून माझी पिशवी पाठीला लावून गेला होता, आणि त्याच्या वाटेत खोडा कोणी घातला होता? मीच.

दीड वाजता फोन वाजला. बायकोने स्पीकर लावला.

"दादा," साडू म्हणाला, "तुमचा लॅपटॉप उघडलाच नाही हो."

"अरे, माझी चूक. मी सकाळी..."

"ऐका तर! घाम फुटला मला. मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काही नाही का दाखवायला? बाहेर थांबलो होतो ना, तिथे त्यांची चहाची जागा बघितली होती. फ्रिजचं दार उघडलं की माणूस बाहेरच अडकतो. म्हटलं, कागद द्या. तुमच्या पेनाने तिथल्या तिथे नवी मांडणी काढली. तीन कागद भरले."

"मग?"

"सोमवारपासून या म्हणाल्या."

बायको मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

"पण दादा," साडूचा आवाज एकदम खाली आला, "घाईत जरा दाबलं गेलं. निब फाकलीय. नवीन आणून देतो."

"गप रे," मी म्हणालो. "आधी पोटभर जेव."

संध्याकाळी तो पिशवी देऊन गेला. सगळ्या वस्तू भलत्याच कप्प्यांत होत्या. आत हात घातला तर आधी बॅटरी लागली, मग वायरी, आणि तळाशी पेन सापडलं. निब खरंच फाकली होती. मी वहीतलं मागच्या महिन्याचं पान उघडलं आणि त्याच पेनाने साडूबद्दलच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ इतकी जाड आली की खालचं एकही अक्षर दिसेना.