मालकाने कढईला हात लावायचा नाही

हुमकांत सापकोटाचा अर्ज नामंजूर झाला तो त्याच्या फोटोंमुळे. फोटो वाईट आले होते म्हणून नव्हे. फारच चांगले आले होते म्हणून.

डोक्यावर फुगलेली पांढरी टोपी, हातात लांब सळई, मागे धगधगता तंदूर. एका फोटोत तो स्वतःच्या उंचीचा नान धरून उभा, तर एकात डोळे मिटून डाळीचा वास घेतोय, असा की बघणाऱ्याला वाटावं हा आता समाधीत जाणार. सगळी कल्पना यामबहादुर दाइची. अशिकागा स्टेशनमागे त्याचं मसाल्याचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर बसून तो गावाकडच्या लोकांची कागदपत्रं करायचा. नेपाळातल्या गलकोटहून जपानात आलेल्या कितीतरी आचाऱ्यांना त्यानेच विमानतळावरून उचलून आणलं होतं, पहिला भात त्यानेच घातला होता. म्हणून तो सगळ्यांचा दाइ, थोरला भाऊ. आणि थोरल्या भावाला परवाना आहे का म्हणून कोण विचारतो?

"सरकारला कळू दे की हा कोणी ऐरागैरा नाही," दाइ म्हणाला होता. "उभं आयुष्य तंदुरात हात घालून काढलंय म्हणावं. लाव फोटो. अजून लाव!"

नकार देताना व्हिसा कचेरीतल्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याने आधी मान लववली, आणि मग कारण सांगितलं. फोटो बघता अर्जदार धंदा चालवायला नव्हे, तर स्वयंपाक करायला राहणार असं दिसतं. परदेशी माणसाने मालक म्हणून राहायचं तर मालकीच करायची. आचारी म्हणून राहायचं तर दुसऱ्या कोणाच्या तरी नोकरीत.

आणि नोकरी तर हुमकांतने मिठाई वाटून सोडली होती. स्वतःच्या हॉटेलाची जागा घेऊन झाली होती, पाटीसुद्धा टांगून झाली होती. आता दुसरा अर्जही बुडाला की बायको चित्रकला आणि मुलगी मेनुका यांना घेऊन नेपाळला चालतं व्हायचं. मेनुका नववीत. तिला नेपाळीत धड भांडतासुद्धा येत नव्हतं.

तो दाइकडे गेला.

"जळतात रे ते तुझ्यावर," दाइ पोत्यावरून म्हणाला. "परत टाकू. ह्या वेळी व्हिडिओ लावू."

"दाइ, अर्जावर तुझी सही कुठाय?"

"माझी कशाला? अर्ज तुझा, सही तुझी. मी आपला भाऊ म्हणून लिहून दिलं."

हुमकांत घरी येऊन भिंतीकडे बघत बसला. चित्रकला डबे भरायच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. तिने पिशवी ठेवली आणि सगळं उभ्यानेच ऐकलं.

"अहो, माझ्यासाठी नवरा बघताना आईने सात गावांत चौकशी केली होती. तुम्ही वकील बघताना काय पाहिलंत? तांदळाचं पोतं?"

"दाइ आपला माणूस आहे ग."

"आपला आहे म्हणून तर त्याच्या अंगाशी काही येत नाही. असले अर्ज करून द्यायला इथे परवाना लागतो. परवाना असलेल्यांची नावं त्यांच्या संघटनेच्या यादीत असतात, कोणालाही बघता येतात. कारखान्यातल्या बायकांना ठाऊक आहे हे. मी बघितलं. दाइ त्यात कुठेच नाही."

यादीतलं जे नाव तिने काढलं ते होतं किरिबुची. छत्र्यांच्या दुकानावर एक खोली, दारात ओळीने सपाता, आणि कोटावर फुलाच्या आकाराचा सोनेरी बिल्ला लावलेली साठीची बाई. सगळे तिला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. हुमकांत रिकाम्या हाताने कसा जाणार? त्याने डब्यातून काळी डाळ नेली होती, वरून जिंबूची फोडणी. डोंगरातली ती वाळकी पात तुपात पडली की गलकोटचा माणूस जिथे असेल तिथून मान वर करतो.

"डबा परत न्या," सेन्सेई म्हणाली. "काम व्हायच्या आधी मी काही घेत नाही. स्वयंपाक कोण करणार?"

"मी!" हुमकांत छाती पुढे काढून म्हणाला.

तिने फाइल मिटली. "मग मला हे काम घेता येणार नाही."

"पण सेन्सेई, माझ्या हाताची चव..."

"असेल. पण तुम्ही मालक. माणसं नेमायची, माल ठरवायचा, हिशेब बघायचा. कढईला हात लावायचा नाही. एखाद्या दिवशी अडचणीत भांडी विसळलीत तर कोणी खाऊन टाकणार नाही. पण रोज चुलीपुढे तुम्हीच, तर तुम्ही इथे मालक नाही."

हुमकांतला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विझलं. "मग हॉटेल काढायचं कशाला?"

"ते तुम्ही ठरवायचं," ती म्हणाली. "मी कायदा सांगते."

सोबत आलेल्या चित्रकलाने विचारलं, "तुम्ही सांगता तसं केलं, तर हमखास मिळेल ना?"

"हमखास म्हणणारा कोणी भेटला तर सपाता सोडायच्या, बूट घालायचे आणि निघायचं. मी फक्त खरं लिहीन आणि खाली माझं नाव घालीन. अजून एक. अधिकारी काहीही विचारू देत, खोटं बोलायचं नाही."

जिना उतरताना हुमकांत म्हणाला, "ही बाई तर आपल्याच विरुद्ध बोलते."

"म्हणून तर नाव घालते," चित्रकला म्हणाली.

आता आचारी हवा. गलकोटचे दोघेतिघे होते, पण त्यांचे कागद त्यांच्या त्यांच्या मालकांशी बांधलेले. शेवटी आली मोरोझुमीबाई. अस्सल जपानी, शाळेच्या भटारखान्यात पोरांना जेवण रांधून निवृत्त झालेली, आणि घरी बसून कंटाळलेली. म्हणजे नेपाळी हॉटेलात जपानी आचारीण, आणि नेपाळी आचाऱ्याने बाहेर टाय लावून बसायचं. यामदाइला हे कळलं तेव्हा तो मिरचीच्या डब्यावर वाकून इतका हसला की शिंकाच लागल्या.

शिकवायला मनाई नव्हती. हुमकांत हात पाठीमागे बांधून तिच्याशेजारी उभा राही. हात मोकळे सोडले की आपोआप कढईकडे जात, म्हणून चित्रकलाने सुचवलेली युक्ती.

"मीठ किती ग्रॅम?" मोरोझुमीबाई काटा पुढे ओढून विचारी.

"ग्रॅम नाही हो. अंदाजाने."

"माझ्या शाळेत अंदाजाने घातलं असतं तर पेपरात आलं असतं."

"बरं, जिंबू कधी टाकायचा ते तरी... तूप बोलायला लागलं की."

"काय बोलतं?"

हुमकांतने तोंडाने आवाज काढून दाखवला. बाईने तो नीट ऐकला, दोनदा काढायला लावला आणि स्वतःही काढून बघितला. त्याच वेळी मिरच्या पोहोचवायला आलेला यामदाइ दारातूनच परत फिरला, आणि हुमकांतला वेड लागलं ही बातमी स्टेशनपर्यंत गेली.

नव्या अर्जावर किरिबुचीचं नाव आणि शिक्का होता. काही दिवसांनी, न कळवता, दोन अधिकारी हॉटेल बघायला आले. आत मोरोझुमीबाईचा चाचणीचा स्वयंपाक चालू होता. हुमकांत टेबलाशी बसून भाजीवाल्याशी दराची घासाघीस करत होता. त्याने फोन ठेवला आणि मुंडी खाली घालून उभा राहिला.

थोरल्या अधिकाऱ्याने टेबल बघितलं, पाटी बघितली, टपालपेटी उघडून मिटली. मग बॅगेतून जुनी फाइल काढली आणि फोटो एकेक करून टेबलावर मांडले. टोपी, सळई, नान, समाधी.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

आणि नेमकं तेव्हाच आत तूप तापल्याचा आवाज आला. हुमकांतच्या मानेवरचे केस उभे राहिले. तूप बोलायला लागलं होतं आणि जिंबू पडत नव्हता. चार पावलांवर कढई होती. जाऊन फक्त चिमूट सोडायची. आता तूप करपणार, धूर होणार, सगळ्या डाळीला कडू वास लागणार, आणि हे दोघे तो वास घेऊनच परत जाणार.

"तुम्हाला स्वयंपाक येतो?" अधिकाऱ्याने विचारलं.

यामदाइने सकाळीच फोनवर पढवलं होतं. विचारलं तर म्हण, छे, मला पाणीसुद्धा उकळता येत नाही, फोटो नुसते हौसेचे. हुमकांतच्या जिभेवर ते आलंही. फोटोतला तो मात्र डोळे मिटून डाळ हुंगत होता.

"येतो," तो म्हणाला. "फार चांगला येतो." त्याने हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. "पण इथे करत नाही."

आत चर्र झालं. जिंबू पडला होता. अगदी थोडा उशिरा.

अधिकाऱ्याने फोटो गोळा करून फाइलमध्ये ठेवले. चहाला दोघांनीही नको म्हटलं आणि वाकून निघून गेले.

मंजुरी आली तेव्हा चित्रकला रडली आणि मेनुका ओरडली, अर्थातच जपानीत. यामदाइ हार घेऊन आला आणि सगळ्यांना सांगू लागला की पाया त्यानेच घातला होता. त्याने तो समाधीवाला फोटो मोठा करून, चौकट घालून आणला होता, गल्ल्यामागे लावायला. चित्रकलाने तो दारातच हातातून काढून घेतला आणि घरी नेऊन स्वतःच्या शेगडीवर टांगला.

हॉटेल उघडलं त्या पहिल्या दिवशी दुपारी किरिबुची-सेन्सेई एकटीच आली. कोपऱ्यातलं टेबल घेतलं, डाळभात मागवला. फुकट खाणार नाही हे आधीच बजावलं. आत मोरोझुमीबाईने स्वतःशीच तो आवाज काढला आणि फोडणी दिली. हुमकांत टाय सरळ करत टेबलाशेजारी उभा राहिला. सेन्सेईने वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि चमचा आडवा ठेवला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली.

ही बाई कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे हुमकांतला आता पुरतं ठाऊक होतं. डाळ खरंच छान झाली होती. त्याच्या हाताशिवाय झाली होती.

त्याने वाकून आभार मानले, आत जाऊन मोरोझुमीबाईला निरोप सांगितला आणि परत येऊन आपल्या टेबलाशी बसला. पुढची फोडणी पडली तेव्हा टेबलाखाली त्याची बोटं चिमटीत जुळली होती.