तोरगेरने पाठवलेला बदल

फेब्रुवारीत तोरगेरचा बदल आला तेव्हा सुनिवाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, सुटले एकदाची.

नोस्ते हे सॉफ्टवेअर दोघांनी विद्यापीठात असताना मिळून लिहायला घेतलं होतं. नोस्ते म्हणजे नॉर्वेजियनमध्ये लोकरीचा गुंडा. त्याचं काम सांगायला सोपं: पाच-दहा माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकाच मजकुरावर काम करत असली, तर कोणी काय बदललं ते लक्षात ठेवायचं आणि शेवटी सगळ्यांचं लिहिलेलं एकत्र सांधून द्यायचं. कोणाचं काही हरवू द्यायचं नाही. ते फुकट होतं, त्याचा कोड सगळ्यांना उघडा होता, आणि कोणीही त्यात सुधारणा सुचवू शकत होतं. पण सुचवलेला बदल आत जायचा तो कोणीतरी ओळ न् ओळ वाचून ‘हो’ म्हटल्यावरच. ते कोणीतरी म्हणजे गेली कित्येक वर्षं सुनिवा.

सुरुवातीला त्यात गंमत होती. मग प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या, एक-दोन सरकारी खाती नोस्ते वापरायला लागली आणि गंमत कधी संपली ते तिला कळलंही नाही. पगाराची नोकरी वेगळीच होती, त्रोनहाइमच्या बंदरातल्या एका कचेरीत. नोस्ते त्यानंतर. जेवताना, बर्फात स्कीवरून जंगलात हिंडताना, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेली असतानासुद्धा खिशातला फोन थरथरायचा. अमुक चालत नाही, तमुक कधी करणार. सोडावं, तर कोणाच्या हाती? सांधणीचा भाग हा नोस्तेचा गाभा, आणि तो तिच्याखेरीज फक्त तोरगेरला कळत होता.

म्हणून तर, “सांधणी मी नव्याने लिहितो, दसपट वेगाने चालेल,” असं तोरगेर म्हणाला तेव्हा ती हरखली होती. त्याचं काम आत गेलं की नोस्ते त्याने सांभाळायचं, असं दोघांत ठरलं होतं. तोरगेर उत्तरेला नामसोसला एकटा राहायचा. घटस्फोटानंतर त्याने नोकरीही सोडली होती. दोन वर्षं तो याच कामात बुडालेला होता; बोलायचा तेही त्याबद्दलच.

“किती दिवस लागतील वाचायला?” एस्किलने विचारलं. एस्किल तिचा नवरा, शाळेत सुतारकाम शिकवायचा. तो वाफलचं पीठ घोटत होता.

“ईस्टरपर्यंत होईल.”

“म्हणजे ईस्टरला डोंगरावर आपण दोघं जायचं. का तू, मी आणि तुझा फोन?”

“दोघंच.”

“लिहून दे.”

“टोमणे मार, पण पीठ सांडू नकोस.”

एस्किल हसला. तो हसला की तिला बरं वाटायचं, कारण अलीकडे या विषयावर तो हसत नव्हता.

ती वाचायला बसली. कोड देखणा होता. तोरगेरने जुनी गुंतागुंत उपसून टाकली होती. जिथे तिने वर्षानुवर्षं ठिगळं लावली होती तिथे आता स्वच्छ, सरळ वाट होती. वाचता वाचता ती एकटीच मान डोलवायची. आणि मग मार्चमध्ये, एका शनिवारी दुपारी, ती एका ओळीपाशी थांबली. एखादा मजकूर दोन ठिकाणी जाण्याजोगा असेल, तर नवा कोड पहिली जागा धरत होता आणि पुढे जात होता. दुसऱ्या जागेचं काय?

तिने एक छोटा प्रयोग केला. वाफलची कृती लिहिलेली एक फाइल घेतली. एका कल्पित माणसाने तिचं नाव बदललं. दुसऱ्याने ती कापून दोन फाइली केल्या. तिसऱ्याने त्याच वेळी जुन्या फाइलमध्ये एक ओळ घातली: वेलदोडा घाला. मग तिघांचं काम तिने नव्या सांधणीतून काढलं.

वेलदोडा नव्हता. कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. इशारा नाही, कुरकुर नाही. उलट ‘सर्व बदल सांधले’ असा संदेश. जुनी सांधणी अशा ठिकाणी अडायची, माणसाला विचारायची, लोक तिला शिव्या घालायचे. नवी अडतच नव्हती. म्हणून तर ती वेगवान होती.

सुनिवा खुर्चीत मागे टेकून बसली. चूक एका ओळीत असती तर त्याला फोन करून दोघं हसले असते. ही चूक पायाभरणीत होती. सगळी इमारत त्याच कल्पनेवर उभी होती, की प्रत्येक मजकुराला जागा एकच असते.

तिने कोणाला सांगितलं नाही. ‘हो’ म्हटलं तर कोणाचं तरी लिखाण गुपचूप नाहीसं होणार. ‘नाही’ म्हटलं तर तोरगेरची दोन वर्षं पाण्यात, आणि आपण पुन्हा जन्मभर इथेच. ती किरकोळ शेरे लिहीत राहिली. इथलं नाव बदल, ही टीप स्पष्ट कर. तोरगेर तासाभरात दुरुस्ती करून पाठवायचा, वर लिहायचा, “आणखी काय, मास्तरीणबाई?” ती आणखी एखादा किरकोळ शेरा शोधायला लागायची.

लोकही वाट बघून कंटाळले. उत्रेख्तच्या योरिस नावाच्या गृहस्थाने सगळ्यांसमोर लिहिलं, “सुनिवाबाई अंड्यावर बसल्यात. पिल्लू कधी निघणार?” पन्नासेक जणांनी त्याला दाद दिली. खाली तोरगेरनेच उत्तर दिलं: “तिला वाचू द्या. तिच्यासारखं कोणी वाचत नाही.”

ते वाचून सुनिवा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोरगेर बहिणीकडे निघाला होता, तो वाटेत त्यांच्याकडे उतरला. पूर्वीपेक्षा वाळला होता, पण दाढी नीट केलेली, नवा स्वेटर. एस्किलने कॉफी ओतली, तपकिरी चीज आणि पाव समोर ठेवला आणि, “मी स्कींना मेण लावतो,” म्हणून शेजारच्या खोलीत गेला.

“सांग आता,” तोरगेर म्हणाला. “महिनाभर तू मला स्वल्पविराम शिकवतेयस. तुला काहीतरी सापडलंय.”

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. त्याने एकदा पाहिलं, मग स्वतः करून पाहिलं.

“हे कोणाला होणार आहे? लाखात एकाला.”

“आणि त्याला ते कळणारसुद्धा नाही, तोरगेर. तेच तर.”

“टीप लिहू. की बाबांनो, अशा वेळी जपून.”

“टीप कोण वाचतं? तू वाचतोस?”

“मग आत्ता आत घे, नंतर मी दुरुस्त करतो.” तो पुढे झुकला. “तुला सोडायचंय ना? मग सोड. आज ‘हो’ म्हण आणि उद्या डोंगरावर जा. पुढची डोकेदुखी माझी. तुझं नावही कोणी घेणार नाही.”

शेजारच्या खोलीतला मेण घासण्याचा आवाज थांबला होता. सुनिवाला तो आवाज थांबलेला ऐकू आला. एवढा एक शब्द म्हणायचा होता, आणि समोर बसलेला माणूस तो शब्द जिभेवर ठेवून देत होता. तिने खरोखर तोंड उघडलं.

“दुरुस्त होईल का हे?” तिने विचारलं. “खरं सांग.”

तोरगेरने पावाचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे सरकवला.

“मुळापासून लिहावं लागेल.”

“लिहिशील?”

“नाही.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “माझ्यात आता काही उरलं नाही, सुनिवा. सकाळी उठून त्याच स्क्रीनसमोर बसणं मला जमत नाही. मला वाटलं होतं, हे एकदा आत गेलं की निदान दोन वर्षं कुठे गेली ते तरी सांगता येईल.”

“म्हणजे सांभाळणार तरी कसा होतास?”

“ते मी ठरवलंच नव्हतं.”

तिला राग आला, आणि त्याच्या दंडावर हात ठेवावासाही वाटला. तिने यातलं काहीच केलं नाही. तो उठला, बूट चढवले, एस्किलला दारातूनच “बरंय” म्हणाला आणि गेला. गाडी बराच वेळ अंगणात सुरू होऊन उभी होती. मग निघाली.

“मी सगळं ऐकलं,” एस्किल म्हणाला.

“मग?”

“मग काय. तू ‘नाही’ म्हणणार आहेस.”

“तू सांगितलंस तर ‘हो’ म्हणेन.”

“ते माझ्या गळ्यात घालू नकोस,” तो शांतपणे म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिने उत्तर लिहिलं. प्रयोग जोडला, चूक कुठे आहे ते मांडलं, आणि काम किती चांगलं आहे तेही लिहिलं. ते खरंच होतं, तरी लिहिताना तिला लाज वाटली. मग तिने बदल नाकारला. योरिसचं उत्तर आलं: “अरे बापरे. माफ करा.” तोरगेरचं काही आलं नाही. काही जणांनी त्याचा कोड वेगळा काढून तोच वापरायला सुरुवात केली. वेग त्यांना हवा होता. सुनिवाने नोस्ते सांभाळायला नवा राखणदार हवा अशी सूचना लावली. चौकशा बऱ्याच आल्या. सांधणीचा भाग कुठून वाचायचा ते तिने प्रत्येकाला कळवलं, आणि त्यानंतर एकेकजण गप्प झाला.

ईस्टरला ती दोघं डोंगरावर गेली. फोन तिने तिथल्या खोलीतल्या ओट्यावर ठेवला होता. तो तिथेही थरथरत होता, आणि दोघंही आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत संत्री सोलत होती.

ऑगस्टमध्ये तोरगेरचा फोन आला. मागे वारा होता, पाण्याचा आवाज होता.

“भावाच्या सालमनच्या पिंजऱ्यांवर काम करतोय,” तो म्हणाला. “जाळी धुतो, मासे मोजतो. रात्री पडलो की झोपतो गं, दगडासारखा.”

“चिडलास का माझ्यावर?”

“मे महिनाभर चिडलो होतो. जूनमध्ये कंटाळा आला.” तो हसला. “तू ‘हो’ म्हणाली असतीस ना, तर मी त्या नोस्तेत आज गळ्यापर्यंत असतो. मला तिथून तूच बाहेर काढलंस, कळतंय का तुला?”

“कळतंय,” ती म्हणाली.

तिला त्याच्याबद्दल खरंच बरं वाटलं. त्याच क्षणी त्याचा असा मत्सर वाटला की तिला खिडकीची कड धरावी लागली. तो सालमनबद्दल बोलत होता, हुशार असतात म्हणत होता, आणि ती “हं, हं” करत होती. बोलता बोलता पलीकडून कोणीतरी हाक मारली. “चल, बोटीत चढायचंय,” म्हणून त्याने फोन ठेवला.

टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. सांधणीतच कोणीतरी बदल सुचवला होता, नाव अनोळखी, हंगेरीतलं. पहिल्याच ओळीत शुद्धलेखनाची चूक होती. सुनिवाने कॉफीचा कप जवळ ओढला आणि वाचायला लागली.